पेडण्याच्या घराला वायरचे चार कॅमेरे

पत्र असं आहे:

"ताई, माझं माहेर गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, समुद्रापासून दीडेक किलोमीटरवर. चिऱ्याचं जुनं कौलारू घर, पुढे पडवी, मागे न्हाणी, त्यापलीकडे माडांची थोडी बाग आणि विहीर. बाबा गेल्यापासून आई, वय ७४, एकटीच असते. मी नोकरीमुळे फोंड्याला, दादा मुंबईला. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गावात अनोळखी गाड्या वाढल्यात. जागा बघायला आलोय म्हणत कोणीही थेट अंगणात शिरतो. गेल्या महिन्यात विहिरीवरच्या पंपाची केबल कापून नेली. दीड वर्षापूर्वी दिवाळीत दादाने दोन वायफाय कॅमेरे लावले होते, पुढच्याच जूनमध्ये दोन्ही बंद पडले. आता वायरचे लावायचं ठरतंय. एकाने आठ कॅमेऱ्यांचं डीव्हीआरचं कोटेशन दिलंय, दुसऱ्याने चार कॅमेऱ्यांचं पीओईचं. पैसे जवळपास सारखेच. घरापासून फाटक ३५ मीटर, विहीर ६० मीटर. दादाला आठ हवेत, त्यातला एक पडवीत आणि एक आईच्या खोलीच्या दाराशी, म्हणजे ती दिसत राहील. आई म्हणते, मला नको तो डोळा. शेजारच्या काकी आत्ताच विचारतात, आमच्या न्हाणीकडे तर वळणार नाही ना? शिवाय जुने दोन कॅमेरे धाक म्हणून तसेच ठेवावेत, असंही दादाचं म्हणणं. पाऊस महिन्यावर आलाय. काय करू? – एक लेक"

आधी सरळ उत्तर देते. चार कॅमेरे घ्या, पीओईचे, म्हणजे वीज आणि चित्र एकाच केबलमधून नेणारे घ्या, आणि पडवीच्या आत एकही लावू नका.

आईपासून सुरुवात करते, कारण घर त्यांचं आहे. तुमच्या दादाची काळजी खरी आहे, ती मी हलकी करत नाही. मुंबईत रात्री अकरा वाजता आईने फोन उचलला नाही की माणसाच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक आहे. पण ती काळजी दोन वेगळ्या गोष्टींची आहे आणि दादा दोन्ही एकाच यंत्राकडून करून घ्यायला बघताहेत. चोर येईल ही एक. आई पडली, चक्कर आली तर कोणाला कळणार ही दुसरी. दुसरीला कॅमेरा उपयोगी पडत नाही, कारण मुंबईत कोणीही दिवसभर पडद्यापुढे बसून राहत नाही. त्यासाठी आईंच्या उशाशी एक बटण आणि काकींच्या स्वयंपाकघरात एक घंटा बसवा. आणि सकाळ-संध्याकाळच्या फोनची वेळ ठरवून घ्या. मदत दहा पावलांवरून येते, मोबाइलच्या पडद्यातून येत नाही.

चोराच्या काळजीसाठीही आधी आईंनाच विचारा. पडवीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, रात्री कुत्रा कोणत्या बाजूला भुंकतो, दुपारी डोळा लागला की कोणत्या दाराची धाकधूक वाटते. पन्नास वर्षं त्या घरात वावरलेल्या बाईला जे माहीत असतं ते कोटेशन घेऊन आलेल्या मुलाला माहीत नसतं. माझ्या अंदाजाने त्या फाटकापेक्षा मागचं दार आधी सांगतील. जागा त्यांनी दाखवल्या तर तो डोळा त्यांचा होईल. न विचारता लावलात तर एके दिवशी त्या मेन स्विच खाली करतील, आणि तसं करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. एकाच घरात राहणाऱ्या इतरांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका सामायिक घराच्या प्रकरणात म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तुमच्या घरात तर प्रश्न आईंच्याच घराचा आणि आईंच्याच खोलीचा आहे. दादांना हे शांतपणे सांगा.

काकींचं म्हणणंही तितकंच रास्त आहे. आपल्याकडे जुन्या घरांच्या न्हाण्या मागच्या बाजूला, अर्ध्या उघड्या. स्वतःच्या घरासाठी लावलेल्या कॅमेऱ्याला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही, म्हणून काहीही टिपायला मोकळीक मिळते असं नाही. स्त्रीचं खासगी क्षणीचं चित्र टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी शिक्षा एक ते तीन वर्षं. तुमच्या मनात असलं काही नाही, पण काकींना ते कसं दिसणार? चांगल्या कॅमेऱ्यात चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करण्याची सोय असते, तिला प्रायव्हसी मास्क म्हणतात. मागच्या कॅमेऱ्यात काकींची हद्द जिथे सुरू होते तिथून पुढे मास्क लावून घ्या, आणि काम झाल्यावर काकींना बोलावून पडदा दाखवा. तोंडी सांगण्यावर भागवू नका, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी तो काळा पट्टा बघू द्या. एकट्या आईसाठी काकींशी असलेला घरोबा चारही कॅमेऱ्यांपेक्षा मोठा आहे.

आता यंत्राकडे येते.

वायफाय कॅमेरे का गेले, याचं मला नवल वाटत नाही. वायफायचा असला तरी विजेची वायर त्यालाही लागतेच, आणि बहुतेक वेळा ती छोट्या अडॅप्टरने वळचणीखालच्या प्लगमध्ये खोचलेली असते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा, त्यात समुद्राचं खारं. अडॅप्टर किती तग धरणार? शिवाय चिऱ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात. वायरचे घ्यायचा निर्णय बरोबर आहे.

डीव्हीआर आणि पीओई यांतला फरक दादांना असा समजावा. डीव्हीआरच्या पद्धतीत चित्रासाठी एक तार आणि विजेसाठी १२ व्होल्टची वेगळी तार जाते. घराच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यांना ही पद्धत वाईट नाही, पंधरा-वीस मीटरपर्यंत छान चालते. पण १२ व्होल्ट लांब जाताना वाटेतच गळतात. विहिरीपर्यंत ६० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तार. बाजारात कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या बारीक तारेत अर्ध्या अँपिअरला चार-पाच व्होल्ट सहज खर्ची पडतात. मग एक विचित्र प्रकार होतो: दिवसभर चित्र स्वच्छ, आणि काळोख पडून कॅमेऱ्याचे रात्रीचे दिवे पेटले की कॅमेरा बंद-चालू, बंद-चालू. लोक कॅमेरा बदलतात, दोष तारेत असतो. पीओईत एकाच नेटवर्क केबलमधून वीजही जाते आणि चित्रही येतं, आणि वीज जाते ४८ व्होल्टच्या आसपास. व्होल्टेज चौपट म्हणून प्रवाह चौथा हिस्सा, म्हणून ६० मीटरवर गळती एका व्होल्टपेक्षाही कमी. मर्यादा १०० मीटरची आहे आणि ती केबलच्या लांबीची आहे. भिंतीवरून चढउतार धरून तुमचे ६० मीटर पंचाहत्तर होतील, तरी चालेल. कोटेशनवर '८०२.३एएफ' हे मानक लिहून घ्या. काही स्वस्त सामान नुसतं पीओई म्हणून विकतात आणि ते या मानकाचं नसतं, पुढे दुसरा कॅमेरा जोडायला गेलं की जुळत नाही.

आठ कॅमेरे आणि चार कॅमेरे एकाच पैशात मिळत असतील तर फरक कुठे वाचवलाय? बहुतेक केबलमध्ये. मला इथे तुमचं सगळ्यांत जास्त लक्ष हवंय. बाजारात तांब्याची म्हणून जी कॅट-सिक्स नेटवर्क केबल मिळते तिच्यात पुष्कळदा आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. दुकानदार तिला सीसीए म्हणतात. अॅल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते, आणि आपल्या दमट हवेत टोकाला लवकर खराब होते. ओळखायला सोपं आहे. केबलचं टोक सोला, आतली एक तार घ्या आणि ब्लेडच्या धारेने हलकेच खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर अॅल्युमिनियम. खरवडून खरवडून लालच राहिली तर तांबं. ही परीक्षा वायरमनसमोर करा, भिंतीला पहिलं भोक पाडायच्या आधी. आणि बाहेरच्या कामाला बाहेरची केबल मागा, काळ्या जाड आवरणाची. घरातली करडी केबल दोन उन्हाळ्यांत तडकते.

केबल चांगली मिळाली की मग कॅमेरा आणि केबल जोडणारा सांधा.

डिचोलीला आमच्या घरी चार वर्षांपूर्वी फाटकावर कॅमेरा लावला. कॅमेरा उत्तम होता, आयपी६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी आत थेंब न जाणारा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चित्र गेलं. मी शिडी लावून वर चढले. कॅमेरा ठणठणीत होता. त्याच्या शेपटीची वायर आणि आमची केबल जिथे जोडली होती तो सांधा वळचणीखाली नुसता लोंबकळत होता, वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर आतून चमचाभर पाणी हातावर आलं. जोडाच्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी तीन दिसतच नव्हत्या, त्यांच्या जागी मोरचुदासारखी निळसर हिरवी भुकटी होती, आणि टेपच्या घडीत बारीक काळ्या मुंग्यांनी अंडी घातली होती. बसवणाऱ्याने कॅमेऱ्याबरोबर येणारी रबरी टोपी खोक्यातच ठेवली होती. ती मला नंतर माळ्यावरच्या खोक्यात मिळाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

म्हणून सांगते, कॅमेऱ्यावर छापलेला आयपीचा आकडा फक्त कॅमेऱ्याचा असतो. सांधा पाण्यापासून वाचवणं हे आपलं काम. प्रत्येक कॅमेऱ्यामागे झाकणाला रबराची कड असलेला जंक्शन बॉक्स हवाच, कॅमेरा त्यावरच बसवायचा आणि सांधा आत. कंपनीची रबरी टोपी सांध्यावर चढवायची. केबल डब्यात खालच्या बाजूनेच शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे वरून ओघळत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, आत वळत नाही. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं पाडायचं. सरळ पाडलं तर पाऊस भिंतीतून आत चालत येतो आणि चिरा तो पिऊन घेतो, मग सप्टेंबरपर्यंत ती भिंत सुकत नाही. चिऱ्यात छोटी गिट्टी धरत नाही, लांब गिट्टी आणि लांब स्क्रू लागतात. स्क्रू ३१६ दर्जाचे स्टेनलेस मागा, समुद्रकाठी साधे स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजून भिंतीवर तांबडे ओघळ सोडतात. कॅमेऱ्याचं अंग धातूचं असेल तर रंगाचा कुठे टवका उडालेला नाही ना ते बघा, खारं तिथूनच शिरतं.

फाटकाकडची आणि विहिरीकडची केबल जमिनीखालून न्या, दीड फूट खोल, एचडीपीईच्या, म्हणजे जाड प्लास्टिकच्या पाइपमधून. माडावरून माडाला बांधलेली केबल झावळी पडली की तुटते, आणि माकडांची टोळी बागेत उतरली की त्याहून आधी. पंपाची २३० व्होल्टची वायर त्याच पाइपमध्ये घालू देऊ नका. दोन वेगळे पाइप, मध्ये अंतर. पाऊस महिन्यावर असेल तर चर खणायचं काम आधी उरका, जूनमध्ये त्या मातीत कुदळ रुतेल. बाकीचं घरातलं काम पावसातही होतं.

विजेचं भय आपल्याकडे पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त. वीज जवळपास पडली तरी जमिनीतल्या लांब केबलमध्ये झटका उठतो आणि तो थेट घरातल्या यंत्रापर्यंत येतो. त्यासाठी फाटक आणि विहीर या दोन केबलींना घरात शिरताना सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि त्याची अर्थिंग खरी असू द्या. चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठक्क होते, तेव्हा जुनी अर्थिंग नावापुरतीच उरलेली असते. इलेक्ट्रिशियनला ती मोजायला सांगा. एक युक्तीही सांगते: हे दोन बाहेरचे कॅमेरे मुख्य यंत्रात, म्हणजे एनव्हीआरमध्ये, थेट न जोडता एका छोट्या वेगळ्या पीओई स्विचमधून, म्हणजे नेटवर्क केबली जोडायच्या डब्यातून आणा. झटका आलाच तर बहुतेक वेळा स्विच जातो, रेकॉर्डिंगचं यंत्र बचावतं.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. चार मेगापिक्सेल तुम्हाला भरपूर. लेन्स मात्र जागेप्रमाणे वेगळी हवी, आणि कोटेशनवाले सगळीकडे एकच २.८ मिलिमीटरची देतात कारण तिच्यात सगळं अंगण मावतं आणि बघणारा खूश होतो. माणूस ओळखू यायचा तर त्याच्या जागी रुंदीच्या दर मीटरला चित्राचे २५० ठिपके, म्हणजे पिक्सेल, पडावे लागतात, असं कॅमेऱ्यांचं युरोपीय मानक सांगतं. चार मेगापिक्सेलचं चित्र २५६० ठिपके रुंद. २.८ ची लेन्स साधारण शंभर अंशांत बघते, म्हणजे दहा मीटरवर तिच्यासमोर चोवीस मीटर रुंदी पसरते आणि मीटरला शंभरच्या जरा वर ठिपके पडतात. तेवढ्यात कोणीतरी आलं हे कळतं, कोण ते कळत नाही. ६ मिलिमीटरची लेन्स त्याच दहा मीटरवर साडेनऊ-दहा मीटर रुंदी बघते, आणि चेहरा ओळखू येतो. त्यामुळे पडवीच्या बाहेर, मुख्य दारावर रोखलेला पहिला कॅमेरा २.८ चा. तो दाराकडे बघेल, आत नाही. फाटकाचा दुसरा ६ चा, फाटकाच्या आत दहाएक मीटरवर एखाद्या खांबाला, फाटकाकडे तोंड करून. मागच्या दाराचा तिसरा ४ चा. चौथा विहिरीवर, पंपाच्या खोपीला, चार-पाच मीटरवरून पंपाकडे बघणारा, तोही ४ चा. घराच्या भिंतीवरून विहीर बघायचा मोह टाळा, साठ मीटरवर माणूस म्हणजे एक हलता ठिपका.

उंची आठ ते दहा फूट. याहून वर गेलात तर टोपी आणि हेल्मेट तेवढी दिसतील. पश्चिमेला तोंड असेल तर संध्याकाळी समुद्रावरचा सूर्य थेट लेन्समध्ये येईल, म्हणून त्या कॅमेऱ्याला १२० डेसिबलचं खरं डब्ल्यूडीआर, म्हणजे झगझगीत उजेड आणि सावली दोन्ही नीट दाखवण्याची सोय मागा, किंवा तोंडच थोडं फिरवा.

रात्रीचं एक. कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्यांपाशी पावसाळी पाखरं आणि कोळी फार जमतात. लेन्ससमोर एक धागा विणला की रात्रभर पांढरा पट्टा हलताना दिसतो आणि दर पाच मिनिटांनी मोबाइल वाजतो, मग माणूस सूचनाच बंद करून टाकतो. कौलाच्या कडेला, भिंतीला अगदी चिकटून कॅमेरा लावला तर तोच उजेड भिंतीवरून परत येऊन चित्र धुरकट करतो. म्हणून तो वळचणीखाली हवा, पण कडेपासून थोडा पुढे. शक्य असेल तर पडवीच्या कोपऱ्यात एक साधा पिवळसर एलईडी रात्रभर जळता ठेवा, कॅमेऱ्यापासून दूर. पाखरं तिकडे जातील आणि आईंनाही रात्री उठल्यावर उजेड मिळेल. सूचना 'हालचाल' यावर न ठेवता 'माणूस' यावर ठेवा, आताच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ती सोय आहे.

रेकॉर्डिंगचा हिशेब: चित्र कमी जागेत साठवणाऱ्या एच.२६५ पद्धतीत एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला साडेएकवीस जीबी, चारांचे सुमारे ८६. दोन टीबीच्या डिस्कमध्ये तीन आठवडे मावतात. पुरे. डिस्क सीसीटीव्हीसाठीचीच घ्या. इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डिंग चालूच राहतं, हे दादांना सांगा, पावसात नेट जाणारच. वीज गेली तर मात्र सगळं थांबतं, म्हणून एनव्हीआर, स्विच आणि राउटर हे तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सगळं मिळून चाळीस-पन्नास वॉट, इन्व्हर्टरला जड नाही. एनव्हीआर टीव्हीशेजारी ठेवू नका. चोर आधी तेच उचलतो. कुलपाच्या कपाटात ठेवा, कपाटाला वारा खेळायला भोकं पाडून, नाहीतर आपल्या दमट हवेत आत बुरशी धरेल.

खरेदी करताना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बघा. एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना माहितीच्या सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या आहेत, दुकानात पडून राहिलेला जुना माल गळ्यात मारून घेऊ नका. हा नियम उगाच आलेला नाही. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या विषाणूने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि शिरला कसा, तर कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते म्हणून. तुमच्याकडे काम संपेल त्या दिवशी मुख्य पासवर्ड तुम्ही स्वतःच्या हाताने टाका, बसवणाऱ्याला खोलीबाहेर थांबायला सांगून. यात संकोच नको. दादांना फक्त बघता येईल असं वेगळं खातं द्या. पासवर्ड आईंच्या कपाटातल्या वहीत कागदावर लिहून ठेवलात तरी हरकत नाही.

शेवटचा हप्ता रात्र झाल्याशिवाय देऊ नका. काळोख पडल्यावर तुमच्यापैकी कोणीतरी फाटकातून आत यावं, विहिरीकडे जावं, मागच्या दाराशी उभं राहावं. मग चालू चित्र बघू नका, पंधरा मिनिटं मागे जाऊन रेकॉर्डिंग उघडा. चेहरा दिसतो का? घड्याळ बरोबर आहे का? तो तुकडा पेनड्राइव्हवर काढता येतो का, हे आईंना नाही तरी तुम्हाला आलं पाहिजे. पुढे कधी पोलिसांत जावं लागलं तर मोबाइलने पडद्याचं केलेलं शूटिंग कमकुवत ठरतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ डिस्क तशीच ठेवायची. आणि ऐन वेळी कॅमेरा बघत बसू नका, ११२ लावा आणि काकींना फोन करा.

देखभाल थोडी आहे. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा, लेन्स ओल्या मऊ फडक्याने पुसायची, खाऱ्याचा थर सुक्या फडक्याने घासू नये, काच ओरखडते. कोळिष्टकं काढायची, डब्यांची झाकणं उघडून रबर बघायचं. चतुर्थीला घर भरलं की पाच दिवस सूचना बंद ठेवा, नाहीतर दादा मुंबईहून निघण्याआधीच फोनला कंटाळतील.

आणि ते जुने दोन कॅमेरे. धाक म्हणून तसेच राहू देत, असं दादा म्हणतात. काढून टाका. बंद कॅमेरा ओळखणाऱ्याला ओळखू येतो, आणि आईंना मात्र उगीच वाटत राहतं की तिकडे कोणीतरी बघतंय. टाकून देण्याआधी त्यांतली मेमरी कार्डं काढून घ्या, घरातल्यांची चित्रं भंगारात जाऊ नयेत. पुसायच्या आधी एकदा आईंबरोबर बसून बघा. दोन्ही जूनमध्ये बंद पडले, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसातलं तुमचं अंगण त्यावर अजून असेल.